बरबटीचे एकावन्न दाणे

आमच्या गावात सरपंच दोनदा निवडला जातो. सरकारी निवडणूक होते ती शाळेत, मशीनवर. तिच्या महिनाभर आधी आमची आमची होते, मारुतीच्या देवळात, दाण्यांवर. पहिली झाल्याशिवाय दुसरीत कोण उभं राहणार ते ठरत नाही.

गाव चिखली तालुक्यातलं. उंद्रीचा बाजार आणि अमडापूरचा बाजार, दोन्ही सारखेच लांब. गावाच्या मधून नाला जातो. नाल्याच्या वर वरचं गाव, खाली खालचं गाव, आणि दोघांची दोन पॅनलं. आम्ही वरचे. नाल्याच्या काठाला तेवीस घरं आहेत, ती कुठल्याच पॅनलची नाहीत. त्यात एक शिंपी आहे, दोन सुतार आहेत, बाकी भाजीपाला लावणारे आणि मजुरीला जाणारे. सरकारी यादीत ती गावातच आहेत. पॅनलच्या हिशोबात मात्र वरचे त्यांना खालचे समजतात आणि खालचे वरचे.

दाण्यांची रीत अशी. उमेदवार दोन असले तर एकाचा दाणा हरभरा, दुसऱ्याचा बरबटी, म्हणजे पुण्याकडे जिला चवळी म्हणतात ती. सभामंडपात एक चादर आडवी बांधायची, तिच्यामागे दोन गाडगी ठेवायची. आत जाणाऱ्याच्या हातावर दोन्हीचा एकेक दाणा ठेवायचा. ज्याला निवडायचं त्याचा दाणा डाव्या गाडग्यात टाकायचा, उरलेला उजव्या. बाहेर येताना मूठ उघडून दाखवायची. कोणी कुठला दाणा कुठं टाकला ते कळत नाही, आणि मोजणी आपोआप तपासली जाते. डाव्यात जितके हरभरे, तितक्याच उजव्यात बरबट्या निघायला पाहिजेत. ही युक्ती कोणी काढली ते माहीत नाही, पण मला ती पहिल्यापासून आवडायची.

मोजणी झाली की ते दाणे घुगऱ्यांत जातात. आदल्या रात्री भिजत घातलेले हरभरे आणि बरबट्या चुलीवर असतातच, त्यात हे ओततात. हरलेल्यानं स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाढायचं. मोजलेले दाणे भिजलेले नसतात, म्हणून खाताना मध्येच एखादा टणक दाणा दाताखाली येतो. तो मताचा, असं म्हणतात. तो थुंकायचा नाही.

मी गावातल्या दूध केंद्रावर आहे. सकाळ-संध्याकाळ फॅट आणि डिग्री बघतो, वहीत लिहितो. त्यामुळे मोजायचं काही निघालं की गाव माझ्याकडे येतं. दाण्यांची मोजणी गेल्या तीन वेळा मीच केली.

मागच्या खेपेला सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. वरच्या गावातून दोघी उभ्या होत्या. त्या वेळी दारावर कोणी अडवत नसे. वरच्या गावात पॅनलचे एकशे अठरा उंबरे, उंबऱ्यामागं एक दाणा, असा समज होता, पण ज्याला यायचं तो यायचा. नाल्याकाठचे आले, खालच्या गावातलेही काही आले. एकाच घरातल्या सासू-सुनाही आल्या. डाव्या गाडग्यात एकशे चव्वेचाळीस दाणे निघाले. ब्याऐंशी आणि बासष्ट. उजव्यात बरोबर उलटे. ब्याऐंशीवाली निवडली गेली. ती शांत बाई होती. पुढं सरकारी निवडणुकीतही आली आणि तिच्या पाच वर्षांत ग्रामसभेत कोणाचा आवाज चढला नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगताना ते विसरणं सोपं आहे.

मला मात्र एकशे चव्वेचाळीस हा आकडा खुपला. उंबरे एकशे अठरा. म्हणजे निदान सव्वीस दाणे पॅनलबाहेरचे किंवा दुबार. आणि जिंकणारीची आघाडी वीस. वीस हे सव्वीसपेक्षा कमी. म्हणजे आमचा उमेदवार आम्ही निवडला की दुसऱ्यांनी, हे सांगता येत नाही. खालच्या गावातल्यांनी मुद्दाम येऊन आमच्यातली कमजोर बाई निवडून दिली असेल, हेही नाकारता येत नाही. तसं झालं असं मी म्हणत नव्हतो. नाकारता येत नाही, एवढंच म्हणत होतो. ते मी पाच वर्षं म्हणत राहिलो.

या खेपेला पद सर्वसाधारण निघालं. दादासाठी ही एकच वेळ होती. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वयाच्या साठीला टेकलेला. त्याआधीच्या प्रत्येक सोडतीत पद दुसऱ्या कोणासाठी राखीव निघालं होतं, आणि पुढच्या सोडतीपर्यंत त्याचे गुडघे साथ देणार नव्हते. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, पण सोडत झाली त्या दिवशी त्यानं चिखलीला जाऊन दोन पांढरे सदरे शिवायला टाकले. वहिनीनं सांगितलं म्हणून कळलं.

दादाचं काम पाण्याचं. टाकी वरच्या गावात, विहीर खालच्या. एक दिवस वरच्या गावाला पाणी, एक दिवस खालच्या, आणि नाल्याकाठी दोन्ही दिवस अर्धा अर्धा तास. ही पाळी त्यानं लावली होती आणि वीस वर्षं टिकवली होती. पाणी सोडायच्या वालची लोखंडी चावी त्याच्या ओट्यावर खुंटीला असायची. कोणी आरडाओरड करत आला की दादा त्याला बसवायचा, चहा द्यायचा आणि म्हणायचा, "आज तुह्यावाला दिवस नाही. उद्या मी सोता येतो." आणि जायचा. खालच्या गावात त्याला हाका मारून जेवायला बोलवायचे. वरच्या गावात काहींना तेच आवडत नसे.

त्यांच्यातलाच एक दादाच्या समोर उभा राहिला. आमच्याच भावकीतला, नात्यानं पुतण्या. वय चाळीस, स्वतःचं खोदाईचं मशीन, बोलायला तयार. तो एकच गोष्ट सांगायचा. "टाकी आपल्या हद्दीत. पानी आपलं. काका खालच्यायचे पाय चेपते अन् आपल्या बाया घागरी घेऊन उभ्या राह्यते." हे अर्धं खरं होतं. वरच्या गावाला एक दिवसाआडच पाणी मिळायचं. विहीर मात्र खालच्यांच्या हद्दीत आहे, हे तो सांगायचा नाही.

दाण्यांच्या आधी पंधरा दिवस पॅनलची बैठक झाली. तिथं मी माझा नियम मांडला. एकशे अठरा उंबऱ्यांची यादी करायची, उंबऱ्यामागं कारभाऱ्याचं एक नाव, दारावर खूण करून दाणे द्यायचे, यादीबाहेरच्याला नाही. सव्वीस आणि वीसचा हिशोब सांगितला. पुतण्या लगेच म्हणाला, "काका बराबर म्हन्ते. आपल्या घरचा निवाडा आपल्या घरात." त्याच्या बाजूचे माना हलवायला लागले. त्यानं एवढ्या लवकर होकार का दिला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या मनात आकडे होते, माणसं नव्हती.

मग सगळे दादाकडं बघू लागले. दादा खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "नियम चांगला आहे. माह्यासाठी बदलू नका." आणि त्यानं हात वर केला. तो हात मला आजही दिसतो. उजवा हात, मनगटावर घड्याळ.

घरी आलो तर बायकोनं यादी मागितली. चष्मा लावून दोनदा वाचली.

"माझं नाव कुठी आहे यात?"

"उंबऱ्यामागं एक आहे. माझं आहे ना."

"मंग उंबऱ्याच्या आत राह्यते ते कोन?"

मी म्हटलं, सरकारी मतदानात सगळ्यांना मत आहे, हे फक्त पॅनलपुरतं. ती म्हणाली, "मागच्या खेपी मी दाना टाकला होता. तुमच्या त्या सव्वीसमंधी मीच हाव." मग यादी माझ्या हातात देत म्हणाली, "घ्या. उशाले घेऊन झोपा." एकशे अठरा नावांत बायका नऊ होत्या, सगळ्या विधवा. तेही मी मोजलं होतं आणि पुढं काही केलं नव्हतं.

दाण्यांच्या दिवशी सकाळी आठला देऊळ झाडून झालं. आधी दोघांची भाषणं. पुतण्यानं पाण्यावर केलं. खालच्या गावाला तिसऱ्या दिवशी पाणी, वरच्याला रोज. टाळ्या पडल्या. दादा उभा राहिला आणि म्हणाला की पाळी आहे तशी ठेवायची, विहिरीत गाळ साचला आहे, तो दोन्ही गावांनी मिळून काढला तर रोज पाणी देता येईल, त्याला एक उन्हाळा लागेल. त्याच्या बोलण्यात खालच्या गावाचं नाव चारदा आलं. देवळात बसलेल्यांमध्ये खालच्या गावातलं कोणीच नव्हतं. बोलणं ज्यांच्याबद्दल होतं ते ऐकायला नव्हते, आणि जे ऐकत होते त्यांना एक उन्हाळा जास्त वाटत होता. पुतण्याला कोणाला सांभाळून बोलायची गरजच नव्हती, दारावर यादी होती. हे मला आता सुचतं. तेव्हा मी दारावर बसून पेन्सिलीला टोक करत होतो.

नऊ वाजता नाल्याकाठचे आले. हातपाय धुऊन, टोप्या घालून. पुढं शिंपीबुवा. ते माझ्या वडिलांचे कपडे शिवायचे, माझे शाळेचे शर्ट त्यांनीच शिवले.

"दे भाऊ दाने," ते म्हणाले आणि तळहात पुढं केला.

"बुवा, या खेपी यादी आहे. पॅनलच्या उंबऱ्यापुरतंच."

"मागच्या खेपी त आमचा दाना चालला."

"चालला, पन तो नियमात नव्हता."

मागून कोणीतरी हसून म्हणालं, "बुवा, तुमचा दाना किडका निघाला वाटते." बुवा हसले नाहीत. तळहात तसाच पुढं होता.

"खालचे म्हन्ते तुमी वरचे. तुमी म्हन्ता आमच्यातले नाही. मंग आमी कोनाले निवडाचं, भाऊ?"

"मशीनवर आहे ना बुवा, महिन्यानं. तिथं सगळ्याले आहे."

"मशीनवर कोन राहीन ते त तुमी आत्ताच ठरवून राह्यले."

मी यादीकडं बघितलं. ते सगळे जाऊन पिंपळाखाली बसले. मी मोजले. एकवीस. तेवीस घरांतून एकवीस माणसं. वरच्या गावातून एकशे अठरापैकी एकशे बारा आली.

अकराला गाडगी उलटी केली. मी पांढऱ्या धोतरावर दहादहाचे ढीग लावले. डाव्यातले हरभरे एकसष्ट, बरबट्या एकावन्न. उजवं गाडगं मोजलं. हरभरे एकावन्न, बरबट्या एकसष्ट. मोजणी इतकी स्वच्छ मी कधी केली नव्हती. एक दाणा इकडचा तिकडे नाही. मी आकडे मोठ्यानं वाचले. वाचताना काही वाटलंच नाही. फॅट वाचतो तसे वाचले.

बरबटी दादाची होती.

दादा उठला, पुतण्याच्या पाठीवर थाप मारली आणि चुलीकडं गेला. दाणे पातेल्यात ओतले, थोडा वेळ ढवळले आणि वाढायला घेतलं. पंगतीत पुतण्याच्या पानावर त्यानं दोन पळ्या वाढल्या. मग पातेलं उचलून बाहेर पिंपळाकडं गेला. मी मागं गेलो. एकवीसपैकी चारच राहिले होते. शिंपीबुवा त्यांत होते. दादानं पत्रावळ पुढं केली. बुवांनी ती हळूच बाजूला सारली.

"आमचा दाना नाही त्यात. मंग घुगऱ्या काऊन खाच्या?"

"माह्याकडून खा, बुवा."

"तुह्याकडून पानी पिलो वीस वर्सं. पुरे आहे," बुवा म्हणाले. ते रागानं बोलले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि नाल्याकडं चालू लागले.

परत येऊन मी माझ्या पत्रावळीवर बसलो. तिसऱ्या घासाला टणक दाणा लागला. बरबटी की हरभरा ते जिभेला कळत नव्हतं. गिळून टाकला.

खालच्या गावात त्यांच्या पॅनलनं आधी एक म्हातारा, समजूतदार माणूस ठरवला होता. दादासमोर तोच शोभला असता. आमचा निकाल कळल्यावर दोन दिवसांत त्यांनी तो बदलला आणि त्यांच्यातला सगळ्यात तोंडाळ माणूस उभा केला. दूध घालायला आलेला एक खालचा मला म्हणाला, "तुमी तसा देल्ला, मंग आमी काय आरती ओवाळू?" त्याचं फॅट सहा पूर्णांक चार होतं.

एक गोष्ट पुतण्याच्या बाजूनं सांगायला हवी. देवळातून मशीनपर्यंतच्या त्या महिन्यात तो मवाळ झाला. मत सगळ्या गावाचं होतं, म्हणून नाल्याकाठी घरोघर गेला, शिंपीबुवांच्या पाया पडला, पाळीला हात लावणार नाही म्हणाला. खालचा उमेदवारही तेच म्हणत फिरला. मला वाटलं, झालं, माणूस वळणावर आला. तो चौतीस मतांनी निवडून आला. पण मोजणीच्या दिवशी त्याच्यासोबत गुलाल खेळणारे कोण होते? देवळातले एकसष्ट. पुढच्या खेपेला पुन्हा देवळातच उभं राहायचं आहे, हे त्यालाही कळत असणार. तिसऱ्या महिन्यात त्यानं पाळी बदलली. वरच्याला रोज, खालच्याला तिसऱ्या दिवशी, नाल्याकाठी उरलं तर. त्याच आठवड्यात खालच्यांनी विहिरीवरची मोटार बंद पाडली. आता पंचायत समितीत तक्रारी आहेत, दोन्हीकडून. वरच्या गावालाही रोज पाणी मिळत नाही. देवळासमोरचा रस्ता मात्र त्यानं सिमेंटचा केला, आणि चांगला केला.

वालची चावी घ्यायला पंचायतीचा शिपाई आला तेव्हा मी दादाच्या ओट्यावर होतो. दादानं खुंटीवरून काढून दिली, आणि ती कुठल्या बाजूला फिरवायची, किती आटे सोडायचे, ते त्याला नीट समजावून सांगितलं. शिपाई गेल्यावर भिंतीवर चावीचा गंजाचा डाग दिसत होता.

त्या निकालाबद्दल आम्ही भाऊ वर्षभर बोललो नाही. दादा रोज सकाळी केंद्रावर दूध घेऊन येतो, मी मोजतो, तो जातो. पावसाचं बोलतो, सोयाबीनचं बोलतो. बायको म्हणते, "जाऊन एकदा बोला." मी म्हणतो, काय बोलू. नियम मी माझ्या भावाला पाडायला केला नव्हता. भावासाठी नियम वाकवला असता तर मी स्वतःला काय म्हटलं असतं, तेही मला माहीत आहे. पण दार उघडं असताना आम्हाला शांत बाई मिळाली आणि दार मी बंद केल्यावर हे मिळालं. दोन वेळांवरून काही सिद्ध होत नाही, असं मी स्वतःला सांगतो. दोन नोंदींवर मी म्हशीचीसुद्धा सरासरी काढत नाही.

परवा सकाळी दादा आला. मागं कोणी नव्हतं. मी दुधाचा नमुना फॅटच्या मशीनला लावला. आकडा यायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यात त्यानं विचारलं.

"त्या दिवशी पिंपळाखाली किती होते रे?"

"एकवीस."

तो मशीनच्या पडद्याकडंच बघत होता. "म्हंजे सोळा लागले असते."

मी तो हिशोब त्याच दिवशी, घुगऱ्यांच्या पंगतीत केला होता. एकवीसपैकी सोळा दादाला, पाच पुतण्याला, तर सदुसष्ट आणि सहासष्ट. पंधरा पडले असते तर नाही. वर्षभर तो आकडा माझ्याजवळ होता. तो दादाजवळही आहे हे मला माहीत नव्हतं.

"पडले असते सोळा?" मी विचारलं.

"कोनाले माहीत."

"दादा, बैठकीत तू हात वर काऊन केला? तुले नव्हतं समजत, कोन बाहेर राहीन?"

"समजत होतं." त्यानं कॅनचं झाकण पुसलं. "तू कागद घेऊन उभा होता सगळ्यायच्या समोर. तुह्या हिशोबात चूक नव्हती. मंग मी काय म्हनू? मले पडाची भीती वाटते म्हून नियम नको, असं?"

मला काहीतरी बोलायचं होतं. पुढच्या खेपेला नाल्याकाठची तेवीस नावं यादीत घेऊ, असं काहीतरी. पण पुढच्या खेपेला पद कोणासाठी निघेल ते माहीत नाही, आणि दादा उभा राहणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मशीननं आवाज केला.

"किती?" दादानं विचारलं.

"सहा पूर्णांक एक."

"काल सहा पूर्णांक तीन होतं."

"हाव. काल तीन होतं."

मी वहीत लिहिलं. त्यानं रिकामा कॅन उचलला, दारापर्यंत गेला आणि थांबला. "यादी ठेवली आहे का ते?"

"आहे."

"दे मले एखाद वेळी," तो म्हणाला. "सुटलेल्या बायकायची नावं लिहून ठेवाले पाह्यजे. अन् काठावरच्यायची. पुढं कोनी मोजलं तर कामी येईन."

दुपारी मी यादी काढली. एकशे अठरा नावं, सहा सोडून सगळ्यांपुढं पेन्सिलीची खूण. खाली कोरी जागा भरपूर आहे. पहिलं नाव बायकोचं लिहिलं. मग शिंपीबुवांचं लिहायला घेतलं, तर त्यांचं पूर्ण नाव मला येत नव्हतं. पन्नास वर्षं आम्ही त्यांना बुवाच म्हणत आलो. यादी घडी करून खिशात घातली आणि विचारायला नाल्याकडं निघालो.